खोड आधी, बोली मागून

सोमवारी दुपारची जेवणं उरकली, ताटं मोरीत गेली, तरी दोन्ही पोरं बैठकीतून हलेनात. एरवी लखन हात धुतला की लिलावाच्या हॉलवर पळणारा, आणि धाकट्या सुमितला तर शेवटचा घास स्कूटरवर चावायची सवय. धुरपदाबाईंनी ओळखलं, आता काहीतरी बाहेर पडणार. त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. हल्ली त्या फार वेळा असे डोळे मिटून घेत.

"माय, मामाचा कागद आला," सुमित म्हणाला.

कागद जप्तीचा होता. धुरपदाबाईंचे थोरले भाऊ मगन, त्यांचं सुरतेच्या लिंबायतमध्ये बारा लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागांचा छोटा कारखाना, आणि त्याच्या मागच्या अंगाला राहायच्या दोन खोल्या. मंदी आली, धंदा बसला, आणि फायनान्सवाल्यानं कर्जापोटी सगळ्यावरच हात ठेवला. आधी लूम विकायचे. तेवढ्यात भागलं तर खोल्या सुटल्या. नाही भागलं तर त्याच दिवशी, त्याच जागी खोल्यांचीही हराजी, म्हणजे लिलाव. दिवस ठरला होता बुधवारचा. आणि हराजी करणारे कोण, तर 'चिंधा पाटील आणि मुलगे'. म्हणजे हेच घर. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

"मी म्हणतो, आपण हे काम सोडून देऊ," सुमित म्हणाला. "दुसऱ्या कोणाला करू दे. नीलगिरी सर्कलपासून उधन्यापर्यंत सात पाट्या लागल्यात हराजीच्या. आपल्या नातेवाइकाचं आपण कशाला विकायचं? लोक काय म्हणतील?"

"आणि दुसरे काय करतील ते माहितीये ना तुला?" लखन उसळला. "जसं आहे तसं, जिथं आहे तिथं, एवढं बोलतील आणि सगळं भंगारवाल्यांच्या घशात घालतील. मामाचे लूम किलोवर जातील, किलोवर! मी त्या लूमवर काम शिकलो रे."

"मग पुकार तू. मामासमोर पुकार."

लखनची बायको सुषमा दाराशी भाकरीच्या टोपल्यावर फडकं टाकत उभी होती. "आत्याबाई, तुमचं काय म्हणणं?" तिनं विचारलं.

धुरपदाबाईंना म्हणणं होतं कुठे? इकडे आड, तिकडे विहीर. त्यांना फक्त दमल्यासारखं होत होतं. नवरा, चिंधा, असते तर त्यांनी बिडी विझवून दोन शब्दांत सांगितलं असतं. पण चिंधा सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षीच गेले, आणि मागं ठेवून गेले हा धंदा, ज्यात दुसऱ्याचं बुडालं की आपलं तरतं.

चिंधांचं सगळं आयुष्यच आवाजावर चाललं. खानदेशातून आले तेव्हा कापडबाजारात हमाली करायचे. कापडाच्या ताक्यांचे तुकडे लिलावात काढणाऱ्या एका दलालानं त्यांची हाळी ऐकली आणि त्यांना टेबलावर चढवलं. पुढे त्यांनी स्वतःचंच टेबल मांडलं. चिंधांचा बाप गावाकडे बैलबाजारात दलाली करायचा. बैल मारका असला, चालता चालता बसत असला, तर खोड आधी सांगायची आणि मग किंमत करायची, हा त्याचा रिवाज. चिंधांनी तो रिवाज जसाच्या तसा सुरतेत आणला. लूम असो की शिलाई मशीन, आधी खोड सांगणार, मग बोली उघडणार. गुजराती शेठ हसायचे. "अरे पाटील, घराक भगाडवा छे के?" म्हणायचे, गिऱ्हाईक पळवून लावायचंय का. पण हळूहळू तेच शेठ यायला लागले, कारण पाटलाच्या हराजीत मिस्त्री बरोबर न्यावा लागत नसे. मग मंदी आली, खाती बंद पडायला लागली, आणि पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तशा हराजीच्या पाट्या उगवल्या. सुमितनं हॉल भाड्यानं घेतला, माईक आणला, पंखे लावले. बाकी सगळं बदललं, खोड सांगायची पद्धत मात्र राहिली. गिऱ्हाईक त्याच्यासाठीच यायचं.

"कोणी घरात आहे का?"

दारात मगनभाऊच उभे होते. पायातल्या चपला त्यांनी नीट जोडून ठेवल्या, आत येऊन खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसले. पासष्टीचा माणूस, पण पाठ अजून सरळ. दोन्ही पोरं उठून उभी राहिली.

"बसा रे. मी काही भांडायला नाही आलो." त्यांनी सुषमाकडून पाण्याचा तांब्या घेतला. "लखन, बुधवारी तूच पुकार."

"मामा..."

"ऐक. परक्याच्या तोंडून मन्हं नाव नको. बारा लूम कसे चालतात ते तुले ठाऊक शे. नीट सांग लोकांना. विणकराच्या हातात गेले तर अजून दहा वर्षं चालतील. भंगारात गेले तर माझ्या जिवाला लागेल."

"आणि खोल्यांचं?" सुमितनं विचारलं. तो नेहमी नको तिथं सरळ विचारायचा.

मगनभाऊंनी पाणी प्यायलं आणि तांब्या खाली ठेवला. "लूम चांगले गेले तर खोल्या वाचतील. नाही गेले तर जातील. जाणाऱ्याला कोणी धरून ठेवलंय का?"

पण जाणार कुठे? हे कोणी विचारलं नाही. बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली. एकुलती पोरगी अमळनेरला दिलेली, आणि पोरीच्या सासरी बाप राहत नसतो. गावाकडचं घर तर वाटण्यांमध्येच संपलेलं. त्या दोन खोल्या गेल्या की मगनभाऊ रस्त्यावर, इतकी साधी गोष्ट होती. लग्न होऊन धुरपदाबाई सुरतेत उतरल्या तेव्हा चिंधांकडे ना घर होतं ना दार. त्याच दोन खोल्यांतली मागची खोली भाऊंनी त्यांना दिली होती. तीन वर्षं राहिल्या त्या तिथं. लखन तिथंच जन्मला.

"जेवून जा ना भाऊ," त्या म्हणाल्या.

"जेवूनच आलो," मगनभाऊ म्हणाले. ते खोटं होतं हे दोघांनाही माहीत होतं.

*

मंगळवारभर धुरपदाबाईंच्या डोक्यात एकच आकडा फिरत राहिला. नऊ.

नऊ नंबरचा लूम. दोन वर्षांपूर्वी राखीला गेल्या होत्या तेव्हा भाऊंनीच सांगितलं होतं. त्याची बिडाची बाजू तडकली होती. भाऊंनी वेल्डिंग करून घेतली, वरून हिरवा रंग मारला, आणि तो लूम जरा बेतानंच चालवत राहिले. बाहेरच्याला पत्ता लागणार नाही असं काम होतं. पण खोड सांगायची म्हटलं की नऊची तडक सांगावी लागणार. ती सांगितली की बाकीच्या अकरा लूमचाही रंग लोक खरवडून बघणार. भाव बसणार. आणि भाव बसला की खोल्या गेल्या.

बुधवारी सकाळी लखन आंघोळ करून देवापुढे उभा होता. धुरपदाबाई त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"लखन, नऊ नंबरची खोड राहू दे."

त्यानं वळून पाहिलं. चाळिशीचा माणूस, पण चेहरा एकदम लहान झाला. "कोणती खोड?"

"तुला माहीतच आहे कोणती. तूही ऐकलं होतंस राखीला. धोट्याच्या पेटीचं सांग, मोटरचं सांग, हवं ते सांग. तडकीचं तेवढं गिळ. एकदाच. मामासाठी."

"माय, बाबांनी..."

"बाबा असते तर मी त्यांनाही हेच म्हटलं असतं. आणि त्यांनी माझं ऐकलंही नसतं, मला ठाऊक आहे. पण तू माझा मुलगा आहेस."

हे बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पण लाजेनं काय खोल्या वाचणार होत्या?

"तू काय सांगतेस माय त्याला?" सुमित दारातून म्हणाला. कधीपासून उभा होता कोण जाणे. "आपलं सगळं त्या खोडीवर चालतं. उद्या एकजण जरी म्हणाला की पाटलांनी लपवलं, तर आपल्यात आणि त्या सात पाट्यांत फरक काय राहिला?"

धुरपदाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. हाच तो सुमित, ज्याला घरात सगळे पैशाचा लोभी म्हणायचे. माईक त्यानं आणला म्हणून चिंधा महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. आणि आज बापाची बाजू हाच घेऊन उभा!

"तुझा मामा आहे तो," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच तर मी म्हणत होतो, काम सोडा. कोणी ऐकलं माझं?"

लखननं देवाला हात जोडले, कपाळाला गंध लावलं आणि दोघांकडेही न बघता म्हणाला, "मी बघतो."

सुषमानं सगळ्यांना चहा दिला. धुरपदाबाईंच्या हातात कप देताना ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही येऊ नका आज. मी जाते त्यांच्याबरोबर."

"मी येणार," धुरपदाबाई म्हणाल्या.

*

बंद खात्यात शिरलं की पहिल्यांदा कानालाच चुकल्यासारखं होतं. जिथं बोलायचं तर ओरडावं लागायचं, तिथं आज माणसं हळू आवाजात बोलत होती. दोन रांगांत सहा सहा लूम, सगळे पुसलेले, तेल दिलेले. भाऊंनी आदल्या दिवशी सगळ्यांवरचे ताके उतरवले होते. अर्धा ताका लूमवर असताना लूम विकायचा नाही, हा त्यांचा नेम. तीस-चाळीस माणसं असतील. पलसाण्याचे दोन-तीन शेठ, लिंबायतचेच काही खातेवाले, एका कोपऱ्यात पान चघळत उभे असलेले भंगारवाले, आणि फायनान्सवाल्याचा एक कारकून, फाइल मांडीवर घेऊन बसलेला.

चिंधांच्या वेळेपासून एक पद्धत होती. ज्याचा माल, त्यानं हराजीला उभं राहायचं नाही. त्याला चहाला पाठवून द्यायचं, देवळात पाठवून द्यायचं, कुठंही, पण समोर नको. धुरपदाबाईंना वाटलं होतं, भाऊही जातील. पण मगनभाऊ बारा नंबरच्या लूमला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. सुमित दोनदा त्यांच्याकडे जाऊन आला. ते हलले नाहीत.

लखन स्टुलावर चढला. माईक त्यानं घेतलाच नाही. "एक नंबर," त्याचा आवाज खात्यात घुमला, अगदी बापाचा आवाज. "मोटर तापते. दोन तास चालवला की घटकाभर थांबवावा लागतो. बाकी ठणठणीत. बोला."

बोली चढली. दोन नंबर, तीन नंबर. लखन प्रत्येकाची खोड सांगत होता, आणि खोड सांगून झाली की असं काही बोलत होता की त्या लूमचं लग्नच लावतोय की काय. "याच्यावर मी स्वतः बसलोय शेठ, पोटच्या पोरासारखा चालतो." लोक हसायचे आणि बोली वर जायची. विणकर घेत होते, भंगारवाले नुसते बघत होते. सहाव्या लूमला कारकुनानं समाधानानं मान डोलावली. आठव्याला त्यानं सुमितकडे बघून भुवया उंचावल्या. धुरपदाबाईंना वाटलं, होतंय. देवा, होतंय बरं का! त्यांनी सुषमाचा हात घट्ट धरला.

"नऊ नंबर," लखन म्हणाला आणि क्षणभर थांबला. "धोट्याची पेटी झिजलेली आहे. बदलावी लागेल. बोला."

बस. एवढंच. धुरपदाबाईंनी डोळे मिटून घेतले.

बोली डिंडोलीच्या एका विणकरानं उचलली. दगा त्याचं नाव. बत्तीस-तेहतीस वर्षांचा, दुसऱ्याच्या खात्यात काम करणारा, पहिल्यांदाच स्वतःचा लूम घ्यायला आलेला. प्रत्येक बोलीला तो आधी बायकोकडे बघायचा आणि मग हात वर करायचा. एक शेठ मागं हटला. दुसराही हटला. लखननं "एक वार... दोन वार..." म्हटलं.

"लखन, खोड पुरी सांग."

सगळ्यांनी माना वळवल्या. मगनभाऊ जागेवरून हलले होते. ते चालत नऊ नंबरपाशी आले आणि हिरव्या रंगावर तळहात ठेवून उभे राहिले.

"याची ही बाजू तडकलेली आहे. वेल्डिंग मी केलंय, वरून रंगही मीच मारलाय." मग दगाकडे वळून म्हणाले, "पोरा, कापड घट्ट धरलं की ही बाजू हलते. हलली की धोटा उडतो. धोटा उडाला की समोरच्याचा डोळा जातो. मी बेतानं चालवला म्हणून माझा वाचला. तू नवा, तू जोरात चालवणार. याच्यावर पोट भरायचं म्हणून घेशील आणि डोळा घालवून बसशील."

दगानं हात खाली घेतला. त्याच्या बायकोनं त्याचा सदरा धरून त्याला मागं ओढलं.

मग एकच गलका झाला. "एटले बीजा मां शुं शुं छुपाव्युं?" पलसाण्याचा शेठ ओरडला, बाकीच्यांत काय काय लपवलंय म्हणून. "पहले वाले आठ भी देखने पडेंगे!" भंगारवाले पुढं सरकले. लखन स्टुलावर उभा होता, तोंडाचा रंग उडालेला, आणि त्याची नजर धुरपदाबाईंवर. त्यांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

सुमितनं माईक उचलला. "शांत व्हा. पाटलांकडून चूक झाली. आधीच्या आठही बोली रद्द. एक नंबरपासून पुन्हा. खोड सगळी सांगितली जाईल, ज्याचा माल आहे तोच सांगेल." आणि मगनभाऊंकडे बघून हळूच म्हणाला, "सांगाल ना मामा?"

मगनभाऊंनी मान हलवली.

दुसऱ्यांदा त्यांनी एकेका लूमपाशी उभं राहून सांगितलं. लखननं सांगितलेलं सांगितलं, आणि लखनला माहीत नव्हतं तेही सांगितलं. ते सांगत होते, लोक रंग खरवडून बघत होते, लखन बसक्या आवाजात पुकारत होता. कोणाला आता हसायला येत नव्हतं. बोली पहिल्यासारखी चढलीच नाही. एकदा दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सात लूम विणकरांनी घेतले, पाच भंगारात गेले. नऊ नंबरही भंगारात गेला. बारावा संपला तेव्हा कारकुनानं फाइल उलटली, बेरीज केली आणि नकारार्थी मान हलवली. थोडक्यात राहिलं होतं. पण राहिलं होतं.

"भाऊ, काबर केलं रे असं?" धुरपदाबाई पुढं जाऊन म्हणाल्या. "कोणी विचारलं होतं का तुला?"

"कोणी विचारलं नाही म्हणूनच सांगितलं." ते थकून लूमच्या कडेवर बसले. "त्याच्या बायकोकडे पाहिलंस ना? आणि चिंधाचं नाव लावून विकता तुम्ही. माझ्या लोखंडापायी ते नाव जायला नको. जाऊ दे धुरपा. आते बस झालं."

कारकून घाई करत होता. खोल्यांची बोली बाकी होती. सगळे मागच्या अंगणात गेले. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं बोळासारखी गल्ली. लखन उंबऱ्यावर उभा राहिला, तोंड उघडलं आणि त्याचा आवाजच निघेना. एकदा खाकरला, दोनदा खाकरला. त्याचे डोळे भरून आले होते. इथंच जन्मला होता तो, त्याच्याकडून कसं व्हायचं?

"खोड क्या है?" शेजारच्या खातेवाल्यानं विचारलं. त्याला गोदामाला जागा हवी होती.

लखननं चौकटीला हात टेकला.

धुरपदाबाईंनी पदर खोचला आणि उंबऱ्यावर लखनच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात कधी त्या चार माणसांत मोठ्यानं बोलल्या नव्हत्या.

"आधी एक सांगते. नऊ नंबरची तडक लखननं लपवली नाही, मी लपवायला लावली. त्याला कोणी बोल लावू नका, मला लावा." त्यांनी दम घेतला. "आता खोल्यांची खोड. मागच्या खोलीची उत्तरेची भिंत पावसाळ्यात ओली होते. दरवर्षी. चुना मारला तरी महिन्यात सुटतो. मोरीचं पाणी भरतीच्या दिवसांत उलटं येतं. पत्र्याला डाव्या कोपऱ्यात तीन भोकं आहेत, डांबर लावलंय. पुढच्या दाराची चौकट वाळवीनं आतून खाल्लेली आहे, बाहेरून कळत नाही. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नाही. मी तीन वर्षं राहिलेय इथं, बाळंत झालेय, मला माहीत आहे." त्या थांबल्या. आणखी काही आहे का, हे त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. "बाकी काही नाही. बोला."

एकेका खोडीला भाऊंची जागा स्वस्त होत होती, हे त्यांना कळत होतं. त्यांनी भाऊंकडे पाहिलं. मगनभाऊ ऐकत होते, आणि प्रत्येक गोष्टीला, बरोबर, बरोबर, अशी मान हलवत होते.

बोली फार वेळ चाललीच नाही. शेजारच्या खातेवाल्यानंच घेतली. कारकुनाला लागत होतं तेवढं निघालं, वर काही उरलं नाही. लखननं "तीन वार" कसंबसं म्हटलं आणि उंबऱ्यावरच बसला.

"कब्जो क्यारे?" घेणाऱ्यानं विचारलं, खोल्यांचा ताबा कधी मिळणार म्हणून. वाईट माणूस नव्हता तो, नुसतं विचारलं.

सुमितनं कारकुनाकडे पाहिलं, कारकुनानं मगनभाऊंकडे. मगनभाऊ उठले. त्यांनी धोतराची धूळ झटकली, आणि इतक्या माणसांदेखत, मोठ्यानं, धाकट्या बहिणीला विचारलं, "धुरपा, तुन्हा घर जागा शे का वं?"